ट्रंककॉलवरचा कौल

नलिनी धुरीला पाठ टेकून बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. ट्रंक एक्सचेंजच्या बोर्डावर ती खुर्चीच्या कडेला बसायची, आणि मुलुंडच्या घरी जेवायच्या खुर्चीतही एक पाय उठायच्या तयारीत. "तुझी गाडी सुटतेय का?" असं विद्याधर, म्हणजे तिचा नवरा, लग्नापासून विचारत आला होता. "सुटते कुठे!" असं तीही लग्नापासून म्हणत आली होती.

सुटली तरी गाडी एकाच दिशेला सुटायची. धुरी मंडळी कुडाळच्या पलीकडच्या खांबडोसची. गणपतीला खांबडोस, शिमग्याला खांबडोस, मे महिन्यात खांबडोस. रजा म्हटली की गाव, यात विचारण्यासारखं काही असतं हे धुरींच्या चार पिढ्यांत कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. सासरे आबा गिरणीत कामाला होते, तेही साठवलेली रजा गावी नेऊन खर्च करायचे. मुलगा विद्याधर विक्रोळीच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन झाला, चाळीतून फ्लॅटमध्ये आला, पण रजेचं तेच.

आणि इकडे नलिनीच्या कानातून रोज सगळा देश जात होता. गुवाहाटी बोलतेय, जोधपूर बोलतेय, कोचीनची लाईन द्या. लोकांची लग्नं, मयतं, भांडणं तिने जोडून दिली. स्वतः मात्र बी.ए. झालेली ही बाई एका बाजूला खांबडोस आणि दुसऱ्या बाजूला बेळगावचं एक लग्न, यांच्यापलीकडे गेलेली नव्हती.

श्रीनगरच्या बोर्डावर रझदानबाई म्हणून एक ऑपरेटर होत्या. दोघींनी एकमेकींचं तोंड कधी पाहिलेलं नव्हतं, पण लाईन मोकळी असली की दोन मिनिटं बोलायच्या.

"बहनजी, आज यहाँ बादाम में फूल आ गए."

"हमारे यहाँ सिर्फ पसीना आया है," नलिनी म्हणायची.

एकदा लेहसाठी कॉल आला. नलिनीने सहज विचारलं, लेह कसं आहे हो? "लेह?" रझदानबाई म्हणाल्या, "वहाँ तो आसमान का रंग ही दूसरा है. मैं एक बार गई थी, अब तक लौटी नहीं हूँ." बस. त्या दुपारपासून नलिनीचं बूड खुर्चीवर जेवढं टेकत होतं तेवढंही टेकेनासं झालं.

हे पंच्याऐंशी साल. डिसेंबरात विद्याधर रिटायर व्हायचा होता. खांबडोसला घर बांधून कायमचं राहायला येतो, असा शब्द त्याने थोरल्या भावाला, भिकाजीला, देऊन ठेवला होता. बायकोला विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. नलिनीने नोकरी सोडायची हे त्यात आलंच. तिने आकांडतांडव केलं नाही. तिने सौदा केला.

"येते मी गावाला," ती म्हणाली. "मरेपर्यंत राहते. तुमच्या काजूच्या बागेच्या भांडणात साक्षीला उभी राहते. पण त्याआधी तुम्ही माझ्याबरोबर लेहला यायचं. एकदा. आपण दोघांनी. याच पावसाळ्यात."

"बरं," विद्याधर म्हणाला.

याच पावसाळ्यात, कारण वरचा रस्ता उन्हाळा-पावसाळ्यातच उघडा असतो. आणि एकदा का गावी जाऊन पडली, की देवळाची पाळी, बागेची राखण आणि भिकाजीचा संधिवात यांतून आपण उंबऱ्याबाहेर पडणार नाही, हे तिला स्वच्छ दिसत होतं. आत्ता, नाहीतर कधीच नाही.

मग तिने घराचा ताबाच घेतला. जेवणाच्या टेबलाच्या काचेखाली काश्मीर-लडाखचा नकाशा सरकवला. आमटीचा थेंब पडला की नेमका कारगिलवर पडायचा. समोरच्या बिऱ्हाडातून माकडटोपी मागून आणली आणि ऐन मेमध्ये, पंख्याखाली, डोक्यात घालून पाहिली. विद्याधरसाठी तिने अवशेष काढून ठेवले होते. पडक्या भिंती हा त्याचा जीव की प्राण. कान्हेरीच्या लेण्यांत गेला तर मूर्ती राहिल्या बाजूला, हा छत्रीने खांबांमधली अंतरं मोजत बसायचा. म्हणून तिने सगळं वाचून ठेवलं होतं: वाटेत अवंतीपूरची देवळं, मार्तंडाचं मोडकं सूर्यमंदिर, वर लेहचा ओसाड राजवाडा, बाझगोचा ढासळलेला किल्ला.

"एवढे खांब तुम्हाला जन्मात मोजायला मिळायचे नाहीत," ती म्हणाली. तो हसला होता. पट्टी घेऊन नकाशावर श्रीनगर-लेह अंतरसुद्धा त्याने काढलं होतं. म्हणजे यायचं त्याच्याही मनात होतं. हे लक्षात ठेवायला हवं.

मग एका जेवणात ते बिनसलं. नलिनी सांगत होती, "रझदानबाई म्हणतात, लेहला पोचलं की पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं. हवा विरळ. चार पायऱ्या चढलं की धाप. काहींना तर आडवंच होता येत नाही म्हणे, उशीला टेकून बसल्या बसल्या झोपतात!" आणि ती हसली. स्वतःला तसं बसलेलं डोळ्यांसमोर आणून हसली.

विद्याधरने वाटी खाली ठेवली. "बसून?"

"काय बसून?"

"बसून झोपतात?"

"अहो, दोन दिवस! मग सवय होते."

ताटात भात टाकून तो हात धुवायला उठला. भात न टाकणारा माणूस. नलिनीने ते पाहिलं, आणि तिच्या डोक्यात त्या वेळी लेहच्या बसची वेळ होती म्हणून सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "कौल घ्यायला हवा."

खांबडोसला रवळनाथाचं देऊळ आहे. मोठं काम करायचं तर गुरव देवापुढे गाऱ्हाणं घालतो, पाषाणाच्या डाव्या-उजव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विद्याधरने फ्लॅट घेतला तो कौल लावून, मुलीचं लग्न ठरवलं ते कौल लावून. नलिनीचा त्यावर विश्वास नव्हता. देवाला दुसरी कामं आहेत, असं तिचं रोखठोक मत. पण त्यापायी तिने कधी भांडण काढलं नव्हतं, कारण विद्याधरला जे हवं असे त्याला नेहमी उजवाच येई.

"घ्या," ती म्हणाली. "रवळनाथाचं लेहशी काही वाकडं नाही."

आठवड्याने तो कारखान्यातून आला, बूट काढता काढता, तोंड खाली ठेवूनच म्हणाला, "आज ऑफिसातून दादाला ट्रंककॉल लावला. कौल डावा आला."

नलिनी नारळ खवत होती. "कधी लागला कॉल?"

"दुपारी. जेवणानंतर."

"आवाज नीट येत होता?"

"अगदी स्वच्छ."

नारळ संपला तरी ती करवंटी खवत राहिली.

कुडाळच्या पुढची लाईन त्या आठवड्यात ठार बंद होती. वळवाच्या वाऱ्यात फणसाचं झाड खांबांवर पडलं होतं, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत "लाईन खराब आहे, लाईन खराब आहे" असं गावच्या लोकांना सांगून सांगून नलिनीचा स्वतःचा घसा बसला होता. पंचवीस वर्षं ट्रंक ऑपरेटरच्या ताटाला ताट लावून जेवलेला माणूस खोटं बोलायला गेला, तर ट्रंककॉलचं बोलला!

दुसऱ्या दिवशी शेजारच्या बोर्डवरची मालन हे ऐकून हसत सुटली. "काय गं हे! दुसरा कसला चोरटेपणा असता तर हुशारीने तरी केला असता. तुझ्या नवऱ्याला खोटं बोलायची प्रॅक्टिसच नाही, यार."

"तेच तर," नलिनी म्हणाली. "अंघोळीशिवाय देवाच्या फोटोकडे न बघणारा माणूस. कौलाचं खोटं बोलला. देवाच्या नावाने."

"मग विचार ना तोंडावर. तू कधीपासून भ्यायला लागलीस?"

भ्यायली होतीच. तोंडावर विचारलं आणि तो सरळ 'नाही येत' म्हणाला, की संपलं. खोटं आहे तोवर त्यात फट आहे. शिवाय तिला आणखी एक सुचलं होतं, आणि ते सुचल्याची तिला लाजही वाटत होती. खरा कौल उजवा आला तर? मग त्याला खोटारडा न म्हणताच त्याचं खोटं कापता येईल. तिचा विश्वास नसेना का, त्याचा आहे ना!

लाईन जुळेपर्यंत ती घरात कपाटं आवरत फिरत राहिली. विद्याधर कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर धरून बसायचा. पान उलटायचा नाही.

लाईन जुळल्या दिवशी तिने स्वतःच्याच नावावर खांबडोस पोस्टाला कॉल नोंदवला. पोस्टमास्तरने माणूस धाडून भिकाजीला आणवलं. तो धापा टाकतच बोलायला लागला.

"नलिनी? काय झाला गो? विद्याधर बरो आसा मां?"

"बरे आहेत. भावोजी, तुम्ही आमच्यासाठी कौल लावला होतात?"

"कसलो कौल?"

"आम्ही लेहला जायचा. लडाख. काश्मीरच्या वर."

"काश्मीराच्या वर काय आसा?"

"डोंगर."

"डोंगर बघूक थंय कित्याक जातंस? हंय आमच्या परसाक आसा मगे डोंगर!"

तीच लाईन ऐकणाऱ्या मालनने हसू लपवायला तोंड फिरवलं. नलिनीने दम धरला. "ह्यांनी तुम्हाला काहीच विचारलं नाही?"

"नाय गो. शिमग्यापास्ना तेचो आवाज आयकाक नाय."

"मग आता लावा. आजच. गुरवाला म्हणावं, विद्याधर आणि नलिनी, दोघांनी लेहला जावं का, असं विचार. मी दुपारी परत कॉल लावते."

दुपारी लावला. पोस्टमास्तरच बोलला, आणि त्याच्या आवाजावरून गावातली निम्मी माणसं देवळात जमली असावीत. "पाकळी अजून पडूक नाय, बाय. दोनय तशेच चिकटलेले. भिकाजी थंयच बसलेलो आसा."

नलिनीने इंदूर मागणाऱ्या माणसाला नागपूर दिलं. तो ओरडला. तिने माफी मागून त्याला परत नागपूरच दिलं.

"तुझा विश्वास नाही ना?" मालन म्हणाली.

"नाही."

"मग तुझ्या पायाने टेबल का हलतंय?"

"तुझा बोर्ड बघ गं तू!"

तासाभराने पुन्हा लावला. पडूक नाय. पाण्यात बुडवून चिकटवलेली दीड बोटाची पाकळी, तिकडे गाभाऱ्याच्या गारव्यात, सुकायचं नाव घेत नव्हती. देवळात पंखा आहे का, असं विचारावंसं तिला वाटलं. जीभ चावून तिने कॉल तोडला. आपण, नलिनी धुरी, बी.ए., एका पाकळीची वाट बघत बसलोय याचा तिला इतका राग आला की ती उठून पाणी प्यायली, परत आली, पुन्हा उठली.

ड्युटी संपता संपता भिकाजी स्वतः बोलायला आला. "डावो."

"नक्की?"

"डावो गो. उजवो हललोसुदा नाय. गुरव म्हणता, मनात आसात तर अमाशेनंतर परत लावया."

"नको," नलिनी म्हणाली.

मालन पर्स उचलत म्हणाली, "एवढं तोंड काय पाडतेस? घरी जा आणि सांग, उजवा आला. तो काय तुला खोटी पाडणार? तसं करायला आधी त्याला स्वतःचं कबूल करावं लागेल. वाट लागेल त्याची!"

चोख युक्ती होती. मुलुंड स्टेशनपासून घरापर्यंत नलिनीने ती चार वेळा पक्की केली आणि चार वेळा मोडली. त्याने खोटं बोलून अडवलं, आपण खोटं बोलून न्यायचं, आणि मग बाझगोच्या किल्ल्यासमोर दोघांनी उभं राहायचं ते कुठल्या तोंडाने? आणि मुळात तो का घाबरला, हे तर अजून कळलेलंच नव्हतं.

विद्याधर गॅलरीत ब्लेडने पेन्सिलींना टोकं करत बसला होता. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"खांबडोसची लाईन आज जुळली," ती म्हणाली. "त्या दिवशी बंद होती."

ब्लेड थांबलं. "तुला कळणार हे मला बोलता बोलताच कळलं होतं."

"मग बोललात कशाला?"

"दुसरं सुचलं नाही."

"आज मी भावोजींना खरा कौल लावायला सांगितला."

तो ताडकन उभा राहिला. मांडीवरची पेन्सिलींची टरफलं सगळी लादीवर. "काय आला?"

क्षणभर 'उजवा' तिच्या जिभेवर आलाच होता. "डावा."

विद्याधर खाली बसला आणि त्याने हात जोडले. त्याच्या तोंडावर जी सुटका पसरली ती पाहून नलिनीचं पित्त खवळलं. खोटं बोलल्याचा राग तिने गिळला असता, ही सुटका तिला गिळता येईना.

"झालं? देवाने तुम्हाला सांभाळून घेतलं?" ती म्हणाली. "आता तुम्ही बोला. देव नको मध्ये, भाऊ नको. का यायचं नाही तुम्हाला?"

बराच वेळ तो टरफलं गोळा करत राहिला. मग म्हणाला, "आबा बसून गेले."

सासरे दम्याने गेले, एवढं तिला ठाऊक होतं. तिच्या लग्नाआधीची गोष्ट. घरात त्याबद्दल कुणी जास्त बोलत नसे.

"दमा म्हणायचे सगळे. पण तो कापूस. गिरणीत कार्डिंग खात्यात, पिंजताना उडणारा. जन्मभर छातीत घेतलेला. शेवटी शेवटी आडवं होता यायचं नाही. गुंडाळलेल्या गादीला टेकवून बसवायचो आम्ही. आडवं केलं की म्हणायचे, बुडतोय. मी पंख्याने वारा घालायचो. वारा होता गं! खिडकीभर वारा होता. त्यांच्या आत जात नव्हता. तू हसत हसत म्हणालीस, तिथे माणसं बसून झोपतात. मला तिथे मी नाही दिसलो. तू दिसलीस."

नलिनी चपलांसकट गॅलरीच्या उंबऱ्यावर टेकली. "मग तेव्हाच का नाही बोललात?"

"तू नकाशा काचेखाली घातला होतास."

तिला वाईट वाटलं, अगदी पोटातून वाटलं. पण वाईट वाटलं म्हणून लेह पुसलं गेलं नाही. ते होतं तिथेच होतं, आणि डिसेंबरही होता तिथेच होता.

"मला जायचंच आहे," ती म्हणाली. "तुम्ही श्रीनगरपर्यंत या. तिथे धाप-बिप काही लागत नाही. अवंतीपूर बघा, मार्तंड बघा, पोटभर खांब मोजा. मी वर एकटी जाऊन येते."

"एकटी?"

"बसमध्ये चाळीस माणसं असतात."

"आणि श्वास अडकला तर?"

"उतरेन. वर मिलिटरी आहे, डॉक्टर आहेत."

विद्याधरने हातातली पेन्सिल पाहिली. "दादाने गाऱ्हाणं काय घालायला लावलं? नेमकं सांग."

"दोघांनी लेहला जावं का."

"दोघांनी," तो म्हणाला. "मग एकीने गेलं तर आज्ञा मोडत नाही."

"तुमच्या देवाला आता वकीलही लागायला लागला!" नलिनी फणकारली. पण ती उठली आणि तिने चपला काढल्या.

तिकिटं झाली. दोघांची जम्मूपर्यंत, तिथून श्रीनगर, आणि पुढची बस एकटीची. मालन म्हणाली, "झकास! मिळालं ना हवं ते?" नलिनी हो म्हणाली. रझदानबाईंनी विचारलं, भाईसाहब ऊपर क्यों नहीं आ रहे, तर तिने लाईन खराब असल्यासारखं केलं. इतके दिवस ती आपण हे बघू, आपण ते खाऊ, असं घोकत आली होती. आता प्रत्येक वेळी 'आपण' तोंडात यायचं आणि तिला ते परत आत घ्यावं लागायचं. बाझगोचा किल्ला दिसल्यावर "अहो, बघा तरी!" हे कुणाला म्हणायचं? शेजारच्या सीटवरच्या बाईला?

विद्याधरने त्याची एक अट घातली. रोज सकाळी, सामानाची पिशवी खांद्याला लावून, तिने इमारतीचा जिना गच्चीपर्यंत चढायचा. तो वर उभा राहणार. तिची चाल, तिचा चेहरा तो बघणार, आणि त्याच्या मनाला पटलं तरच बस. नलिनीने कबूल केलं. तळमजल्याच्या सोनूबाई रोज दार उघडून विचारायच्या, "वहिनी, आज पोचलात का हो काश्मीरला?"

निघायच्या आदल्या रविवारी हवा कोंदट होती. पिशवीत त्याने मुद्दाम दोन जाडजूड पुस्तकं घातली होती. तिसऱ्या मजल्यावर नलिनीला पोटात कळ आली. चौथ्यावर छातीचा भाता फुगायला लागला. गच्चीचं दार उघडं होतं आणि त्यात तो उभा होता, दोन्ही हात चौकटीला लावून, मान पुढे काढून. ऐकत होता.

शेवटच्या वळणावर, त्याला दिसणार नाही अशी, ती थांबली. पदराने कपाळ टिपलं. तोंड गच्च मिटलं, आणि उरलेल्या पायऱ्या नाकाने श्वास घेत, एकसारख्या पावलांनी चढून त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"धाप लागली," तो म्हणाला.

तिने मान हलवली. नाही.

"बोलून दाखव."

"चपला चावतात," ती म्हणाली. दोनच शब्द, तेवढेच निघाले.

विद्याधर तिच्याकडे बघत राहिला. ती पलीकडे टेकड्यांवर साचलेल्या ढगांकडे बघत राहिली, हळूहळू, आवाज न करता, हवा बाहेर सोडत. त्याने तिच्या खांद्यावरची पिशवी काढून घेतली, एक पुस्तक बाहेर काढलं आणि पिशवी परत तिच्या खांद्याला अडकवली.

"पुन्हा," तो म्हणाला. "या वेळी मी तुझ्याबरोबर चढतो."

आणि दोघं खाली उतरायला लागली.